बर्फअण्णांचा फोन

आमच्या चिपळूणच्या घरी पूर्णगडची मंडळी मला बघायला आली, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी सगळ्यात आधी टीपॉय हलवून पाहिला. वर पोह्यांच्या बशा मांडलेल्या. त्यांनी टीपॉयचे चारी पाय एकेक करून चाचपले, खिशातून पाना काढला, खुशाल जमिनीवर फतकल मारली आणि मागच्या पायाचा नट आवळला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, आणि मला प्रश्न विचारायला आलेला माणूस टीपॉयखाली! बाहेर आल्यावर माझ्या वडिलांना म्हणाले, "किती दिवस ढिला होता ओ हा? तुम्हाला आवाज येत नाय?" पाहुणे गेल्यावर वडील भडकले. "असल्या घरात मुलगी द्यायची?" आई म्हणाली, "द्यायची. निदान त्या घरात नळ तरी गळणार नाहीत." आणि खरंच सांगते, वीस वर्षांत पूर्णगडच्या त्या घरातला एक नळ गळला नाही की एक बिजागरी कुरकुरली नाही.

गाव त्यांना बर्फअण्णा म्हणायचं. त्यामुळे घोळ व्हायचे. मासळीवर टाकायला बर्फ हवा असलेले परगावचे लोक विचारत विचारत थेट आमच्या पडवीत यायचे आणि म्हणायचे, "पंधरा लाद्या पाठवा." मग अण्णा त्यांना बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे आणि खरा बर्फ कसा असतो ते सांगायला लागायचे. होडीत मासळी खराब होतेय म्हणून तो माणूस चुळबुळ करायचा, आणि हे आपले वितभर, हातभर, पुरुषभर बर्फाची मापं दाखवतायत. शेवटी मीच स्वयंपाकघरातून ओरडायचे, "अहो, बर्फाचा कारखाना खाली बंदरावर आहे. तुम्ही जा बघू."

अण्णा तरुणपणी सैन्यात गाड्या दुरुस्त करायला शिकले आणि तिथून सुटल्यावर काश्मीरात, लोक बर्फ बघायला जातात तिथे, एका गॅरेजात लागले. स्नो-स्कूटरचं गॅरेज. मार्गशीर्ष लागला की निघायचे आणि शिमग्याची पालखी घरी यायच्या आत परतायचे. आयुष्यभर हेच. स्नो-स्कूटरला मागे चाकं नसतात, रुंद रबरी पट्टा असतो. त्या पट्ट्याच्या आत दोन लांब रूळ असतात आणि पट्टा त्या रुळांवरून घसरत फिरतो. रुळाच्या खालच्या कडेला प्लास्टिकची पट्टी असते, ती झिजते. रूळ ज्या नटबोल्टांनी अडकवलेले असतात, ते धक्के खाऊन खाऊन ढिले होतात. झिजलेली पट्टी बदलावी आणि ढिला रूळ आवळावा तो अण्णांनीच. मला हे सगळं तोंडपाठ आहे, आणि बर्फ म्हणाल तर मी बांगड्यांवरचा सोडून दुसरा पाहिलेला नाही.

स्वतःची फजिती सांगण्यात त्यांना कोण आनंद! पहिल्यांदा काश्मीरात गेले तेव्हा त्यांनी घरून मुशी माशाच्या तेलाची बाटली नेली होती. आमच्याकडे होडी किनाऱ्यावर ओढताना खाली लाकडं टाकतात आणि त्यांना हे तेल चोपडतात. अण्णा दर्यावर वाढलेले. त्यांनी विचार केला, इथेही घसरायचं, तिथेही घसरायचं, आणि रुळांच्या पट्ट्यांना बाटलीभर तेल चोपडून ठेवलं. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली तर गावातली झाडून सगळी कुत्री मागे! प्रवासी पुढे किंचाळतोय, मागे बारा-पंधरा कुत्री पट्टा चाटायला धावतायत. त्यात तेल थंडीनं घट्ट झालेलं आणि त्यात खडी अडकून पट्टी खरवडून निघाली. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अरे मच्छीवाल्या, बर्फ हेच याचं तेल. बर्फ उडतो, पट्टीवर बसतो, ती गार राहते." हे सांगताना अण्णांना इतकं हसू यायचं की डोळे पुसावे लागायचे. "गो वैशाली, कुत्र्यांनी मला बरोबर वळखलान," म्हणायचे, "पूर्णगडचा माणूस आला म्हणून."

घरात काही वाजलं की त्यांचा कान टवकारलाच. माझे यजमान मुंबईला नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. सासूबाई माझ्या लग्नानंतर तीन वर्षांत गेल्या. मुलगी शिकायला बाहेर पडली, मग घरात आम्ही दोघंच. मी कधी कशावरून धुसफुसत असले की भांडी आपटली जायची. पडवीतून आवाज यायचा, "आज पातेली जोरात वाजतायत. काय ढिला झालाय?" मी म्हणायचे, "काही नाही." की मग उठून आत यायचे, पाटावर बसायचे आणि मी सांगेपर्यंत हलायचे नाहीत. माझी आई गेली तेव्हा मी दहा दिवस भांडी वाजवली नाहीत. अकराव्या दिवशी ते स्वतः मासळी साफ करून, कालवण करून माझ्यासमोर ताट घेऊन बसले. म्हणाले, "ढिल्याचं बरं असतं, खडखडतं तरी. झिजलेलं गप्प असतं. त्याच्याकडे आपण होऊन बघायचं." ते रुळांबद्दल बोलतायत की माझ्याबद्दल, हे मी काही विचारलं नाही. जेवले.

छातीनं दगा दिल्यावर त्यांचं काश्मीर सुटलं. थंडीत श्वास पुरेना. तिथलं गॅरेज त्यांचा शागीर्द रशीद सांभाळायला लागला. शागीर्द म्हणजे काही पोरगा नव्हे, चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. पण पहिला बर्फ पडला की त्याचा फोन यायचाच. "उस्ताद, सलाम." झालं! अण्णांचं वय वीस वर्षांनी उतरायचं. त्यांच्या फोनला पडवीच्या टोकाला, पेरूच्या झाडाखाली तेवढी रेंज यायची. तिथे उघड्या अंगानं, पंचा गुंडाळून, घामानं निथळत उभे राहून हा माणूस बर्फातली गाडी दुरुस्त करायचा. रशीद व्हिडिओ दाखवायला गेला तर ओरडायचे, "चित्र नको मला. आवाज दे." मग तो गाडी स्टँडवर चढवून सुरू करायचा आणि फोन तिच्या पोटाशी धरायचा. अण्णा डोळे मिटून ऐकायचे.

"बंद कर. आडवी पाड गाडी. हात घाल आत. रूळ धर, वर-खाली हलव. किती हलला? बोटभर? मेल्या, बोटभर हलतो आणि वर माणसं बसवतोस?" बोलायचे त्यांच्या हिंदीत, पण शिव्या शुद्ध पूर्णगडच्या. "बोल्टाचं भोक बघ. गोल हाय का लांबट झालंय? लांबट झालं असंल तर नुसता नट आवळून फायदा नाय, आत बुशचं कडं बसव. आणि जळका वास आला होता का? आला होता ना? म्हणजे बर्फ नाय तिथून नेलीस. पट्टी वितळली असंल. दोन्ही बाजूच्या बदल. एकच बदलशील तर बघ!" रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका गडग्याच्या दगडी कुंपणाशी उभ्या राहून ऐकायच्या. फोन ठेवला की अण्णा सगळ्यांकडे अशा तोऱ्यात बघायचे की जणू आत्ता गाडी धावताना दिसतेय. मग खोकला सुरू व्हायचा.

खोकल्याचंच सांगायचं आहे मला. तेच सांगायला बसलेय, आणि इतका वेळ टीपॉय आणि कुत्री सांगतेय.

दोन वर्षांमागे तो खोकला भलताच वाढला. फोनवर ओरडले की ओठ निळे पडायचे. एकदा बोलता बोलता गडग्याला धरून खाली बसले ते उठेचनात. शेजाऱ्यांच्या रिक्षातून रत्नागिरीला नेलं, आठ दिवस ऑक्सिजनवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, यांना मोठ्यानं बोलू द्यायचं नाही, पुढच्या खेपेला आणायला वेळ मिळेल असं नाही. मी यजमानांना मुंबईला फोन केला, तर हे म्हणाले, "तू बघ. तुझंच ऐकतात ते." बघ म्हणे! घरात एकटी बाई, अॅम्ब्युलन्स यायला पाऊण तास. माझा जीव किती मुठीत होता ते माझं मला ठाऊक.

घरी आल्यावर अण्णांनीच वाट काढली होती. म्हणाले, "मी हळू सांगतो. तू फोनवर मोठ्यान सांग त्याला." आणि मी काय म्हणाले? "मला तुमचं ते रूळबीळ काही कळत नाही. मला कामं आहेत." धडधडीत खोटं. मला सगळं कळत होतं. पण मी दमले होते, घाबरले होते, आणि मनातून त्या रशीदवर चिडले होते. म्हटलं, एवढा मोठा बाप्या, त्याचा त्याला येत नाही नट आवळायला? माझ्या माणसाचा जीव घेतोय फुकटचा.

त्या वर्षी टीव्हीवर काश्मीरात बर्फ पडल्याचं दाखवलं, त्याच दुपारी मी अण्णांचा फोन बंद केला आणि माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला. त्यांना सांगितलं, बिघडलाय, रत्नागिरीला दुरुस्तीला दिलाय. "दुरुस्तीला?" त्यांचे डोळे चमकले. "मला द्यायचास. काय झालंय त्याला?" मी म्हटलं, "ते मोबाईलचं काम, तुमचं नव्हे." बरं म्हणाले. रोज सकाळी चहा झाला की विचारायचे, "झाला गो फोन?" मी म्हणायचे, "पार्ट मुंबईहून यायचाय." पार्ट म्हटलं की त्यांना पटायचं. पार्ट यायला वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

महिनाभरानं एक दिवस ते माझ्याकडे आले आणि रशीदचा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. पाठ होता. म्हणाले, "तुझ्यावरून लाव. दोनच मिनिटं. ओरडणार नाय." डोळ्यांना बारीक आकडे दिसत नव्हते त्यांना. मी शेवटचा आकडा चुकवला. मुद्दाम. वर स्पीकर लावला, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल. बाई म्हणाली, हा नंबर अस्तित्वात नाही. अण्णा जरा वेळ माझ्या हातातल्या फोनकडे बघत राहिले. मग हसले. "बदललान वाटतं नंबर. चांगलं झालं. आता त्याचं त्याला जमतं म्हणजे." आणि पडवीत जाऊन बसले. मी तांदूळ निवडायला घेतले. मनाला बजावलं, की बघ, आज खोकले नाहीत.

त्या दिवसानंतर त्यांनी फोनचं नाव काढलं नाही. टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या की उठून बाहेर जायचे. बर्फाची चौकशी करत कुणी आलं तर हातानं बंदराची वाट दाखवायचे, बसवून घ्यायचे नाहीत. मी एकदा पोळपाट मुद्दाम डगडगवला, तर मान वळवून बघितलंसुद्धा नाही. तेव्हा तरी माझे डोळे उघडायला हवे होते. मी मेली खूश होते की खोकला कमी झालाय. डॉक्टरही खूश होते. माघात, सकाळी नऊच्या सुमाराला, मी चहा घेऊन पडवीत गेले तर अण्णा भिंतीला टेकून बसलेले. हाक मारली, हलवलं. गेले होते. किती शांतपणे गेले, असं सगळं गाव म्हणालं. मला त्या शब्दावर त्यांचं 'झिजलेलं गप्प असतं' आठवलं.

दिवसकार्य झालं, हे मुंबईला गेले, घर रिकामं झालं. एका दुपारी मी कपाट उघडलं आणि फोन चार्जिंगला लावला. सुरू झाल्यावर पेरूच्या झाडाखाली नेला, तसा थरथरत सुटला, थांबेचना. रशीदचे बोललेले निरोप, एकामागून एक. मी तिथेच मातीत बसले आणि पहिल्यापासून ऐकायला लागले.

"उस्ताद, सलाम. बर्फ पडला." मग दोन दिवसांनी, "उस्ताद, सात नंबरच्या गाडीचा रूळ खडखडतोय, फोन लागत नाही तुमचा." मग, "भोक लांबट झालंय, बुश बसवू ना?" मग, "बसवला. तुम्ही सांगितलं होतं तसाच." मग बरेच दिवस काही नाही. मग एकदम वेगळाच, दबलेला आवाज. "उस्ताद, माझ्यावर नाराज आहात का? काही चुकलं असेल तर शिव्या द्या, पण बोला." त्यानंतर मुलांचे आवाज, "दादाजी, सलाम." शेवटच्या निरोपात बोलणं नव्हतंच. दोन मिनिटं नुसती गाडीची घरघर. तारीख पाहिली. अण्णा गेले त्याच्या तीन दिवस आधीची.

म्हणजे माणूस पडवीत बसून समजत होता की आपली कुणाला गरज उरली नाही, आणि माझ्या साड्यांखाली त्याला कुणीतरी पुन्हा पुन्हा हाका मारत होतं. हे मी केलं. दुसऱ्या कुणी नाही, मी. औषधं वेळेवर दिली, पाय चेपले, पथ्य सांभाळलं, आणि हे केलं.

मी रशीदला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, "उस्ताद!" असा ओरडला. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत कसंबसं सांगितलं. अण्णा गेल्याचं सांगितलं, आणि फोन मी लपवला होता तेही सांगितलं. मला वाटलं आता ठेवील, मग वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "शेवटचा आवाज पाठवला होता, तो उस्तादांनी ऐकला?"

"नाही रे," मी म्हणाले. "कुणीच ऐकला नव्हता. आज मी ऐकला."

"तुम्हाला कसा वाटला?"

मला वाटलं, हा काय विचारतोय मला. पण मी ऐकला होता. चार वेळा ऐकला होता. पुढचा बोल्ट ढिला असला की उचकी लागल्यासारखा आवाज येतो आणि मागचा असला की वाऱ्यानं दाराची कडी वाजावी तसा, असं अण्णांनी जेवताना, निजताना, मासळी निवडताना हजार वेळा सांगितलेलं. घरघरीच्या खाली ती कडी स्पष्ट वाजत होती.

"मागचा नट ढिला आहे," मी म्हणाले. "तुला ऐकू आला नाही का?"

"आला," रशीद म्हणाला. "मीच ढिला केला होता, वहिनी. तीन महिने उस्ताद बोलत नव्हते. म्हटलं, दुसऱ्या कशानं नाही, पण ढिला नट ऐकला की त्यांना राहवायचं नाही. ओरडायला तरी फोन करतीलच. तो नट मी अजून तसाच ठेवलाय."

तो तिकडे हुंदके द्यायला लागला आणि मी इकडे. गडग्याबाहेरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. मी पदरानं तोंड पुसलं.

"आवळ रे बाबा तो आता," मी म्हणाले. "आता ओरडायला कुणी नाही."